वगळलेल्या नोंदी

संस्थेच्या तळघरात माझी खोली.
खिडकी फुटपाथच्या उंचीला,
तिच्यातून दिसतात बूट, बाबागाड्यांची चाकं,
तार्तूमधला मार्चचा मळकट बर्फ.
अठरा वर्षं मी एकच काम करते:
बाळ कुठे बघतंय, ते लिहून ठेवते.

सेकंदाचे पंचवीस तुकडे,
प्रत्येक तुकड्यापुढे एक अक्षर.
आ, म्हणजे आईकडे.
ख, खेळण्याकडे.
दू, म्हणजे दूर:
छतावरच्या दिव्याकडे, स्वतःच्या पायमोज्याकडे,
नाहीतर अशा कुठेतरी
जिथे आमचा कॅमेरा पोचत नाही.

वरच्या मजल्यावर प्रोफेसर सारेपू आयांना समजावतात,
आधी दोन मिनिटं खेळा, बोला, रोजच्यासारखं.
मग घंटी वाजेल.
मग दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा,
काही झालं तरी.
मग पुन्हा घंटी, आणि पुन्हा तुम्ही.

बाळं काय करतात ते आता मला पाठ आहे.
आधी हसतात. सगळी आधी हसतात,
उसने पैसे मागायला आलेल्या माणसासारखी.
मग हात पुढे. मग एक आवाज,
शेवटाला वर उचललेला.
मग मान वळते.
दू. दू. दू.
माझ्या कळफलकावरचं ते अक्षर
केव्हाच झिजून गेलंय.

पण मला सांगायचंय दुसऱ्या फाइलबद्दल.
प्रत्येक शोधनिबंधात, बारीक टाइपात, एक वाक्य असतं:
एकोणीस बाळं विश्लेषणातून वगळली.
ती एकोणीस माझ्याकडे आहेत.

सात नंबर: झोप लागली.
बावीस: उचक्या.
एकतीस: कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर जीव जडला,
पूर्ण सहा मिनिटं.
चाळीस: आई.

नावं लिहायची नसतात. पण चाळीसची आई पिर्गिट,
रात्रपाळीला बस चालवते, वाल्गाच्या रस्त्यावर.
म्हणाली, कोरा चेहरा ना? आठ तास काचेपुढे तोच असतो.
घंटी वाजली.
लेनू हसली. हात पुढे केले. आवाज काढला.
आणि मग जे आजवर एकाही बाळाने केलं नव्हतं ते केलं,
मान वळवली नाही.
तिनेही चेहरा कोरा केला.
पाच महिन्यांची पोर,
समोर बघत बसली, आईसारखी, आईकडे.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला पिर्गिट फुटली.
हसली की रडली, त्यासाठी अर्जात रकाना नाही.
कारण: सूचना पाळली नाही.

माझ्या आईला तिच्या आईबरोबर
मालगाडीतून पूर्वेला नेलं होतं. सात वर्षांची होती.
परत आली ती तोच चेहरा घेऊन,
आणि तोच घेऊन मला वाढवलं,
बटाटे सोलताना, वेणी घालताना, तापात
कपाळावर हात ठेवतानासुद्धा.
हात मात्र ऊन असायचा.
मी कुठे बघत असेन तेव्हा?
त्याची फिल्म नाही. बरंच झालं.

चाळीस नंबरला वगळलं त्या दिवशी
कॅमेरा बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
पुढे अकरा मिनिटं नुसती आहेत.
पिर्गिट लेनूच्या पोटात नाक खुपसते,
रुमाल शोधते, सापडत नाही, बाहीलाच पुसते,
प्रोफेसर येऊन माफी मागतात,
कुणीतरी कॉफी आणतं, लेनू कपाला हात घालते.

साडेसोळा हजार तुकडे. कुणी मागितलेले नाहीत.
जेवणाच्या सुट्टीत मी रोज थोडे करते.
आ. आ. कप,
म्हणजे ख धरावं का?
आ.
आज तीन हजार दोनशेवर आले,
खिडकीबाहेर एक बाबागाडी थांबलीय,
थंडीत बाळ झोपवून कुणीतरी आत गेलंय,
चाकाला चिकटलेला बर्फ हळूहळू सुटतोय.